चौथा चाळा

आमच्या पेट्यांना 'चाळा' हे नाव वहिनीने ठेवलं. त्याआधी दादा आणि मी त्यांना नुसतं 'लाकडी माणूस' म्हणत होतो, आणि ते ऐकून गिऱ्हाईक दारातूनच परत जायचं.

पेटी साधारण वीतभर लांब. तिच्यावर तळहाताएवढा लाकडी माणूस बसलेला, बाजूला पितळी हँडल. हँडल फिरवलं की तो माणूस आपल्या सवयी करून दाखवतो. कुणी डोक्यावर सरकवलेला चष्मा टेबलभर शोधतो. कुणी कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून बघतो. एक बँकेतले साहेब होते, ते फोनवर कितीही गंभीर बोलणं चाललेलं असलं तरी मोकळ्या हाताने मिशीचं टोक पिळत बसायचे. त्यांच्या बायकोने त्यांची पेटी करून घेतली होती. लोक वाढदिवसाला, निवृत्तीला आपल्या माणसासाठी अशी पेटी बनवून घेतात. ज्याला मिळते तो आधी खळखळून हसतो, मग म्हणतो, "मी असं कधी करतो?" आणि म्हणता म्हणता तेच करतो.

माणूस कोरायचा दादाने, रंगवायचा वहिनीने आणि आतलं यंत्र माझं. मी वीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली आहेत. दादाच्या लेखी मी अजून 'छोटी' आहे, माझं वय सेहेचाळीस आहे. घड्याळाच्या कामात एक गोष्ट अंगी मुरते: काटा हलला म्हणजे त्याच्यामागे चाक असतंच. चाक दिसत नसलं, तर आपण नीट उघडलेलं नाही.

पेटीचं यंत्र तर घड्याळाहून सोपं. आत एक आडवा दांडा, त्यावर लंबगोल लाकडी चकत्या. हँडल फिरवलं की चकती फिरते, तिच्यावर टेकलेली काडी वरखाली होते, आणि काडीला जोडलेला हात किंवा मान हलते. एक चकती, एक हालचाल. पेटीत तीन चकत्या मावतात. म्हणून आमच्या फॉर्मवर वहिनीच्या टपोऱ्या अक्षरात छापलेलं असायचं: 'तुमच्या माणसाचे कोणतेही तीन चाळे लिहा. चौथा मनात ठेवा.'

आमची कार्यशाळा काच कापणाऱ्याच्या दुकानाच्या वर आहे. खालून दिवसभर काचेवर रेघ ओढल्याचा किर्र आवाज येतो आणि मग टक् करून तुकडा सुटल्याचा. वर भुशाचा, सरसाचा आणि जवसाच्या तेलाचा वास. उत्तरेच्या खिडकीखाली लांब टेबल, त्याच्या डाव्या टोकाला वहिनीची जागा.

वहिनी तीन आठवड्यांच्या आजारात गेली. दादाने दोन महिने कार्यशाळेचं कुलूप काढलं नाही. मग एका सकाळी तो आपणहून आला, तिच्या जागेवरचे ब्रश धुऊन ठेवले आणि मला म्हणाला, "चेहरे आता तू रंगव. मला डोळे जमत नाहीत." आणि आम्ही पुन्हा कामाला लागलो.

त्यानंतरची पहिली पेटी एका मुख्याध्यापिकेची होती. निवृत्तीला त्यांच्या शाळेतल्या शिक्षकांनी दिलेली. तीन चाळे: चष्मा पुसणं, पुसलेला चष्मा उजेडाकडे धरून बघणं आणि मान खाली घालून चष्म्यावरून समोरच्याला न्याहाळणं. पेटी देऊन दहा-बारा दिवस झाले असतील. बाई स्वतः जिना चढून वर आल्या. पेटी कापडात गुंडाळलेली होती.

"खरं सांगा," त्या म्हणाल्या, "कॉपी कुणाची केलीत?"

मला काही कळेना.

"तीन आमच्या लोकांनी सांगितले, ते मला माहीत आहे. चौथा कुणी सांगितला?"

"चौथा नाहीच बाई. तीनच असतात."

त्यांनी पेटी टेबलावर ठेवली आणि हँडल फिरवलं. लाकडी बाईंनी चष्मा पुसला. उजेडाकडे धरला. चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. मग मांडीवरची डावी मूठ उचलली, उघडली, रिकाम्या तळव्यात क्षणभर पाहिलं आणि हात बाजूला नेऊन हळूच कलता केला, काहीतरी खाली ठेवल्यासारखा.

दादा रंधा हातात धरून तसाच उभा राहिला.

"हे मी करते," बाई म्हणाल्या. "पण एकटी असतानाच. मूठ उघडून बघते, का ते मला माहीत नाही. आमच्या घरी कुणी पाहिलेलं नाही. तुम्ही कसं पाहिलंत?"

मी पेटी ठेवून घेतली. बाई गेल्यावर तळाचे स्क्रू काढले. तीन चकत्या, तीन काड्या. डाव्या हाताला काडीच नव्हती. असायचं कारणही नव्हतं, कारण दादाने तो हात मांडीसकट एकसंध कोरला होता. मनगटापासून गुडघ्यापर्यंत लाकडाची रेघ अखंड होती. मी भिंगातून पाहिली. कुठे चीर नाही, सांधा नाही, रंगाला तडासुद्धा नाही.

मी हँडल शंभर वेळा फिरवलं. तीन हालचाली झाल्या आणि थांबल्या, शंभर वेळा. दादाने फिरवलं. तीनच. दुसऱ्या दिवशी बाई आल्या, त्यांनी हँडलला हात लावला आणि चौथी झाली.

"तूच काहीतरी केलंस," संध्याकाळी दादा म्हणाला.

"मी? हात तू कोरलास. मला वाटलं तुझीच काहीतरी गंमत आहे."

"छोटे, मला गंमत सुचते आहे असं वाटतं तुला सध्या?"

मी पेटीचे स्क्रू परत लावले.

त्यानंतर प्रत्येक पेटीचं तेच झालं. महिन्याला एक पेटी होते आमची, फार तर दोन. बसच्या चालकाला त्याच्या आगारातल्या मित्रांनी पेटी दिली. त्याचा लाकडी माणूस तीन चाळे करून झाले की उजवा हात बाजूला काढून तळवा वर करायचा, आणि मग तो हात पोटाशी आणायचा. तो खरोखर तसं करत असे, घरी सोफ्यावर एकटा बसलेला असताना. एक शिंपीण होती. तिची बाहुली सुईदोरा खाली ठेवून हवेतून काहीतरी चिमटीत उचलायची आणि दुसऱ्या बाजूला नेऊन सोडायची. एक दंतवैद्य होते. दवाखाना बंद केल्यावर, शेजारी कुणी नसताना, ते हात लांब करून थांबत. टपालवाला पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतल्यासारखं करायचा, पिशवी नसताना. सगळ्यांना आधी आश्चर्य वाटायचं, मग कौतुक. "तुमची नजर म्हणजे कमाल आहे हो," असं म्हणून दंतवैद्यांनी आणखी चार गिऱ्हाइकं पाठवली.

मी वहीत नोंदी ठेवल्या. पेटीचा क्रमांक (वहिनी गेल्यावर मी तो पुन्हा एकपासून सुरू केला होता), लाकूड, हवा दमट की कोरडी, चौथी हालचाल कोणती. दोन गोष्टी निघाल्या. एक, ज्याची पेटी त्याने स्वतः हँडल फिरवलं तरच चौथी हालचाल होते. दोन, ही सगळी माणसं ती सवय फक्त एकटं असताना करत होती आणि का करतो हे एकालाही सांगता येत नव्हतं. यापुढे माझं डोकं चालेना. यंत्राची चूक शोधायची मला सवय आहे. इथे यंत्र बिनचूक होतं.

दादाचं मात्र वेगळंच चाललं होतं. पूर्वी गिऱ्हाईक आलं की तो मागच्या खोलीत पळायचा. आता तो त्यांना खुर्ची द्यायचा आणि विचारत बसायचा. चौथा कसा होता? कुणालाच माहीत नव्हता? नवऱ्यालासुद्धा नाही? आणि मग तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहायचा. मला ते कळायला हवं होतं. एका दुपारी पाहिलं तर त्याच्या पुढ्यात वहिनी होती. अर्धी लाकडातून बाहेर आलेली, खांद्यापर्यंत.

"कुणी सांगितलं हे?" मी विचारलं.

"मीच सांगितलं. गिऱ्हाईक मीच." त्याने छिन्नीवरची धूळ फुंकली. "चोवीस वर्षांचा संसार. तिचं मला सगळं आठवतं, छोटे. रोज आठवून आठवून ते गुळगुळीत झालंय. मला तिचं एक तरी असं काही पाहिजे, जे मला माहीत नाही."

मी दांडा तासायला घेतला.

तीन चाळे कोणते यावर आमचं दोन दिवस वाजलं. मनगटाने केस मागे सारणं यावर एकमत होतं, कारण तिची बोटं कायम रंगाने भरलेली असायची. एक डोळा मिटून ब्रशचं टोक बघणं, तेही झालं. तिसऱ्याला मी म्हटलं, पाय हलवणं. दादा म्हणाला, ती पाय हलवायचीच नाही, गुणगुणायची. मी म्हटलं, गुणगुणताना पाय हलायचा. तू तिच्या शेजारी बसायचास, मी समोर बसायचे, टेबलाखालचं मला दिसायचं. "बघ," तो म्हणाला, "हेसुद्धा मला माहीत नव्हतं." आणि पाय ठरला.

डावा हात त्याने गुडघ्यावर ठेवलेला कोरला, तळवा वर, एकसंध. डोळे मी रंगवले. चार वेळा पुसून पाचव्यांदा जमले. ही बारावी पेटी. तळाला क्रमांक डागून मी ती त्याच्या हातात दिली.

त्याने हँडल फिरवलं. केस मागे गेले. डोळा मिटला. पाय हलला. मग काही नाही.

तो रोज फिरवायचा. सकाळी आल्यावर आणि घरी जाण्याआधी. मी माझ्या कामात मान घालून हँडलचा आवाज ऐकत राहायचे. महिना गेला, दीड महिना गेला, नवी पेटी काही त्याने कोरायला घेतली नाही.

"तिचंच काही नाही?" एकदा तो म्हणाला.

"दादा, ज्याची पेटी त्याचाच हात लागतो. तुला वहीत दाखवलंय मी."

"म्हणजे तिने फिरवायला पाहिजे."

"म्हणजे ती फिरवू शकत नाही," मी म्हटलं. माझा आवाज जरा जास्तच कोरडा निघाला. पेटीवर त्याने रुमाल घातला, पाखराच्या पिंजऱ्यावर घालतात तसा.

याच सुमाराला वाचनालयातून निरोप आला. ग्रंथपालांना वाचनकक्षात आमच्या पेट्यांचं प्रदर्शन मांडायचं होतं, तीन दिवसांचं. जुन्या पेट्या लांब लांब गेलेल्या होत्या, पण गेल्या सव्वा वर्षातल्या अकराही जणांनी आपापली पेटी आनंदाने दिली. बारावी द्यायला दादा तयार होईना. मग प्रदर्शनाच्या सकाळी तो आपणच ती रुमालासकट घेऊन आला.

वाचनकक्षात उंच खिडक्या आहेत. भिंतीला पुस्तकांची कपाटं, मधोमध एक लांबलचक टेबल, त्यावरचं हिरवं कापड कडेला वापरून वापरून पांढरं पडलेलं. मी पेट्या कशाही मांडल्या होत्या, रंग बरे दिसतील अशा. ग्रंथपालांनी एक पेटी उलटी करून बघितली आणि त्यांना राहवेना. "अहो, यांना क्रमांक आहेत!" असं म्हणून त्यांनी त्या एक ते बारा अशा ओळीने लावून टाकल्या, दोन पेट्यांत हँडल फिरण्यापुरती जागा सोडून. मी हसले. क्रमांक दिसला आणि ग्रंथपालांनी तो लावला नाही असं व्हायचं नाही.

दोन दिवस लोक आले, हँडलं फिरवून गेले. तीन-तीन हालचाली झाल्या, मुलं खिदळली, एका आजोबांनी प्रत्येक पेटीपुढे उभं राहून "हा हुबेहूब आमचा शेजारी" असं बारा वेळा सांगितलं. शेवटच्या दुपारी पेट्यांचे मालक यायचे होते. आपापली पेटी घेऊन जायला, आणि ग्रंथपालांचं दोन शब्दांचं भाषण ऐकायला.

सगळे आले. मुख्याध्यापिका, बसचालक, शिंपीण, टपालवाला, दंतवैद्य, बाकीचे सहा जण. एकमेकांना कुणी ओळखत नव्हतं. ग्रंथपाल म्हणाले, "आता मंडळींनी आपापल्या पेटीमागे उभं राहावं आणि सगळ्यांनी एकदम फिरवावं. सुंदर दिसेल." सगळे टेबलामागे ओळीने उभे राहिले. शेवटी, बाराव्या पेटीमागे, दादा. मी समोर पाहुण्यांत होते, टेबलापासून दोन पावलांवर.

त्यांनी हँडलं फिरवायला सुरुवात केली.

आधी नुसता गोंगाट झाला. प्रत्येकाचा वेग वेगळा. चकत्यांची खडखड, कुणाचं हसू. बसचालक म्हणाला, "बाई, जरा सांभाळून, वळण आहे." बाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं, आणि त्याच वेळी त्यांच्या लाकडी बाईंनीही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग हँडलांचा वेग हळूहळू एक होत गेला. कुणी सांगितलं नव्हतं. पायऱ्या उतरताना दोन माणसांची पावलं आपोआप जुळतात, तसा. खडखड राहिली नाही. एकच आवाज येऊ लागला, संथ. टेबलामागचं हसणं थांबलं. ते अकरा जण आपापल्या हाताकडे बघत होते.

लाकडी मुख्याध्यापिकेने मूठ उचलली. उघडली. तळव्यात पाहिलं. हात बाजूला नेऊन कलता केला.

तिथे बसचालकाचा हात होता. तळवा वर करून थांबलेला.

तो हात पोटाशी आला, आणि दुसऱ्या कडेने शिंपिणीने चिमटीत धरलं. नेलं. सोडलं. दंतवैद्यांचा हात लांब होऊन वाटच बघत होता.

माझ्या वहीत अकरा हालचाली अकरा पानांवर लिहिलेल्या होत्या. मी त्या कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

आग लागल्यावर लोक रांग करून बादल्या पुढे देतात ना, तसं ते चाललं होतं. फक्त घाई नव्हती. आणि हातांत काही नव्हतं.

पाचवा, सहावा, मग टपालवाल्याने या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. आठवा. नववा. दहावा. अकराव्या पेटीवर एक माळीणबाई होत्या, त्या दोन्ही हातांची ओंजळ पुढे करायच्या. ती ओंजळ वळली, आणि बाराव्या पेटीच्या दिशेने थांबली.

वहिनीने गुडघ्यावरचा हात उचलला.

मला लाकडाचा आवाज येईल असं वाटलं होतं. काही आवाज आला नाही.

तिने ते घेतलं. मग ती वळली. कमरेला सांधा नव्हता. दादाने तिला स्टुलासकट एका ठोकळ्यातून काढली होती. ती पूर्ण वळली, आमच्याकडे पाठ करून, आणि हात वर केला.

दादाने हँडल सोडलं. डावा हात पुढे केला.

त्याची मूठ मिटली.

बाराही हँडलं थांबली. "झालं," मुख्याध्यापिका अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, आणि लगेच इकडेतिकडे पाहिलं, कोण बोललं ते शोधत असल्यासारखं. पाहुण्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. ग्रंथपालांनी भाषण केलं. त्यांना आणि इतरांना काय दिसलं, मला माहीत नाही. नंतर मी एक-दोघांना विचारलं, तर ते म्हणाले, "फारच छान. सगळी मिळून काहीतरी एक नाच करत होती, नाही का?"

कार्यशाळेत परतल्यावर मी बारावी पेटी उघडली. तीन चकत्या, तीन काड्या. वहिनीचा हात गुडघ्यावर होता, लाकडाची रेघ अखंड. मी भिंग खाली ठेवलं.

"दादा, हात दाखव."

"आत्ता नको," तो म्हणाला.

त्याने तो त्या दिवशी दाखवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. डावी मूठ मिटलेलीच. तो उजव्या हाताने जेवायचा, उजव्या हाताने कोरायचा आणि ठोकळा गुडघ्यांत धरायचा. आठवड्याने मी त्याला बळेच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बोटं दाबून पाहिली, कोपरावर हातोडी मारली, सुई टोचली. "नसा उत्तम आहेत," ते मला बाहेर येऊन म्हणाले. "मूठ ते स्वतःच मिटून धरतायत. दुखतंय का विचारलं, तर म्हणाले, उलट बरं वाटतंय."

खरंच त्याला बरं वाटत होतं, हीच तर पंचाईत. त्याला झोप लागू लागली. सव्वा वर्षानंतर त्याने स्वतःची नवी चित्रं काढली, एक पाणबुड्या, एक छत्री दुरुस्त करणारी म्हातारी. कामात तो गुणगुणायचा. त्याला गुणगुणताना मी जन्मात ऐकलं नव्हतं.

इकडे पेटीवाल्यांचे फोन येत होते. चौथी हालचाल बंद पडली, दुरुस्त करून द्याल का? मी विचारलं, तुमची स्वतःची सवय कशी आहे? आणि प्रत्येक जण जरा थांबून म्हणाला, ती पण गेली. "हात आता गप्प बसतो माझा," बसचालक म्हणाला. "सामान पोचवून झाल्यासारखं वाटतं बघा." मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सुटल्यासारखं वाटतं. काय होतं ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही."

रस्त्याने जाताना दादा आता उजव्या कडेला सरकून चालायचा. डाव्या बाजूला एक माणूस जाईल एवढी जागा सोडायचा. मी तिथे चालायला गेले की तो थांबायचा, बुटाची नाडी बांधायचा आणि मी पुढे गेले की पुन्हा चालायला लागायचा. दारातून आत शिरताना तो क्षणभर बाजूला उभा राहायचा, मग शिरायचा. मी दोन आठवडे पाहिलं आणि एके दिवशी जिन्यातच म्हटलं, "दादा, तिथे कुणी नाही."

"कुणी आहे असं कोण म्हणालं तुला?" तो हसून म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं.

"मग मूठ उघड."

"उघडली तर सुटेल की."

"काय सुटेल?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी काही भलतंच विचारलं की तो असा पाहायचा. "तू जेवलीस का?" त्याने विचारलं आणि तो वर गेला.

मी त्या जिन्यात बराच वेळ उभी होते. वहिनीला गमावलं तेव्हा आम्ही दोघं होतो. आता एक एक पायरी करत दादा माझ्यापासून लांब चालला होता आणि खुशीत चालला होता. त्याला हाक कशी मारायची, तेच मला सुचेना.

परवा दुपारची गोष्ट. जेवण झालं होतं. खालचा काच कापणारा दुकान बंद करून घरी गेलेला, त्यामुळे सगळं शांत होतं. ऊन खिडकीतून टेबलापर्यंत आलं होतं आणि हवेत भुशाचे कण तरंगत होते. दादाला खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी लागली. मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं, डावा हात खुर्चीच्या हातावर.

मी चकती घासत होते. सहज वर पाहिलं. झोपेत त्याची बोटं सैल झाली होती.

मी कानस खाली ठेवली. चपला काढल्या आणि अनवाणी त्याच्यापाशी गेले. वाकून पाहिलं. तळवा उघडा होता, उन्हात. आत काही नव्हतं. खडा नाही, चिठ्ठी नाही, लाकडाची ढलपीसुद्धा नाही. इतक्या दिवसांत घामाने जरा पांढरी पडलेली साधी कातडी.

मला हसू येणार होतं. मी मनात म्हटलंसुद्धा, चला, संपलं. आता याला उठवायचं, हात दाखवायचा, दोघांनी मिळून जरा रडून घ्यायचं, आणि उद्यापासून कामाला लागायचं. त्याला जागं करायला मी खांद्यावर हात ठेवणार, तेवढ्यात झोपेत त्याचा हात कलला आणि मागची बाजू मला दिसली.

करंगळीच्या कडेने मागच्या बाजूवर चार वळ होते. तिरके, एकापाठोपाठ एक, बारीक बोटांचे. कुणी आपला हात बराच वेळ घट्ट धरून ठेवला की उमटतात तसे.

असे वळ जातात. रक्त परत येतं, कातडी भरून येते, मिनिटभरात काही दिसत नाही. मी हात मागे घेतला आणि ते जायची वाट पाहत उभी राहिले. भिंतीवरच्या घड्याळाचे सेकंद मोजले. साठ झाले. शंभर झाले.

वळ फिकट झाले नाहीत. आणि मग, मी बघत असताना, दादाच्या हाताच्या दुसऱ्या कडेला, सावकाश दाब पडत, पाचवा उमटला. अंगठ्याचा.